रामीआजीची पेज कोण खातं?

मित्रांनो, मला दुरून पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, ही काळी वस्तू फुटकी असणार, कुणीतरी टाकून द्यायची विसरलं असणार. तसं नाही. मी मातीची मडकी आहे. जुनी आहे, काठाला एका जागी टवका उडालेला आहे, पण गळत नाही. दाभोशाच्या धबधब्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर, रामीआजीच्या घरात, मी आजही रोज चुलीवर बसते.

माझा जन्म जव्हारच्या लक्ष्मण कुंभाराकडे झाला. त्याने माती वाळवली, कुटली, चाळली आणि तिच्यात बारीक रेती मिसळली. नुसती माती वाळताना फार आकसते आणि तडकते. रेती तिला सांभाळून घेते. चाकावर मला फक्त गळा आणि काठ मिळाला. पोट त्याने नंतर, मी अर्धवट ओली असताना, आतून दगडी गोटा धरून आणि बाहेरून लाकडी थापी मारून गोल केलं. गोल बुडाला जाळ सगळीकडून सारखा लागतो. भट्टीत माझ्या कुशीला दुसरं मडकं टेकलं होतं. तिथे हवा पोचली नाही आणि काळा डाग राहिला. तो डाग पाहून लक्ष्मणने मला बाजारात मागच्या रांगेत मांडलं.

बाजाराच्या दिवशी रामी आली. तेव्हा ती नवी नवरी होती. तिने पुढच्या रांगेतल्या मडक्या बोटाच्या पेराने वाजवून पाहिल्या, मग वाकून मला वाजवलं.

“ही दे.”

“तिला डाग आहे बाय. दुसरी घे.”

“डाग काय खायाचा हाय? आवाज चांगला हाय.”

जीपमध्ये तिने मला मांडीवर घेतलं आणि घर येईपर्यंत दोन्ही हात माझ्याभोवती ठेवले.

नव्या मडकीत लगेच स्वयंपाक करत नाहीत. रामीने मला पाण्यात बुडवून ठेवलं. मी बुडबुडे सोडत पोटभर पाणी प्याले. मग मंद जाळावर तिने माझ्यात तांदळाचं पिठूळ पाणी उकळलं. त्या पाण्याने माझ्या अंगातली बारीक छिद्रं बुजली आणि मी पाझरायची थांबले. तिथून माझं काम सुरू झालं.

सकाळी तांदळाची पेज. उन्हाळ्यात नाचणीची आंबील. थंडीत भाजलेल्या उडदाचं कढण, वर खुरासणीच्या तेलात लालसर केलेला लसूण. ओल्या तुरीचे दाणे निघाले की त्यांचं कालवण, आणि नदीत खेकडे मिळाले तर त्यांचा पातळ, झणझणीत रस्सा. यातलं काहीच अवघड नाही. पाणी, धान्य, मीठ आणि थोडा धीर लागतो. धीराचा वाटा माझा. माती सावकाश तापते आणि सावकाशच निवते, त्यामुळे घाई करायची म्हटली तरी माझ्याकडून होत नाही. दाणा आतपर्यंत मऊ होतो.

पाड्यावर माझ्यातल्या पेजेचं नाव झालं. शेजारचा फागू रोज सकाळी विस्तव मागायच्या निमित्ताने यायचा आणि चुलीपाशी बसून राहायचा.

“विस्तव न्यायला येतोस का पेज प्यायला?” रामी विचारायची.

“विस्तव घरी हाय की. पण तो नुसता गरम लागतो.”

रामी हसून त्याची वाटी भरायची. तिच्या घरातून कुणी उपाशीपोटी गेलं नाही. ही गोष्ट पाड्यावर सगळ्यांना माहीत होती, आणि रामीला तिचा थोडा अभिमानही होता.

वर्षं गेली. रामीचा मुलगा रूपेश मोठा झाला, ठाण्याला कामाला गेला आणि येताना कुकर घेऊन आला. पहिली शिट्टी झाली तेव्हा रामीने हातातली फुंकणी खाली टाकली. “हा कशाला वरडतो?” ती म्हणाली, आणि घरातले सगळे पोट धरून हसले. मित्रांनो, कुकरबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याला लाकूड कमी लागतं, घरात धूर कमी होतो, आणि रामीच्या डोळ्यांना त्या धुराचा खूप त्रास व्हायचा. पण कुकर आला तशी मी माळ्यावर गेले. माझ्यात राखेत कालवलेलं तुरीचं बी भरलं, वर फडकं बांधलं. खालची बोलणी मला ऐकू यायची, वास यायचे. रूपेशचं लग्न मी असंच वरून ऐकलं. त्याची बायको कविता घरात आली, पण तिने मला चुलीवर कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या लेखी मी बियाण्याचं मडकं होते.

यंदा थंडी सरता सरता रामीआजीला ताप आला आणि खोकला छातीत उतरला. जव्हारच्या दवाखान्यात राहून ती घरी परत आली खरी, पण रूपेशने तिला जीपमधून उचलून आत आणलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. अंगावरची गोधडी तिच्यापेक्षा जड असावी, इतकी ती हलकी झाली होती.

पाठोपाठ आरोग्य उपकेंद्राच्या दीप्ती सिस्टर आल्या. त्यांनी वजनकाटा जमिनीवर ठेवला, रामीआजीला दोघांनी धरून त्यावर उभं केलं.

“ताप गेलाय,” सिस्टर म्हणाल्या, “आता अन्न हेच औषध. पातळ, मऊ, थोडं थोडं, पण सारखं द्या. वजन वाढायला लागलं की काळजी नाही. घटत राहिलं तर मात्र आजींना नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल.”

रामीआजीने नाशिकचं नाव ऐकलं आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. तिच्या नवऱ्याला, माघ्याला, नाशिकला नेलं होतं. तो परत आला नव्हता.

आता अडचण अशी होती, की कविताला मोगऱ्याच्या वाडीत जावं लागे. कळ्या उमलायच्या आत खुडल्या तरच बाजारात चालतात, म्हणून ती उजाडण्याआधीच बाहेर पडायची. रूपेश जव्हारला गवंड्याच्या हाताखाली होता. दुपारपर्यंत रामीआजी घरात एकटी. कुकरमधली पेज तोवर निवून घट्ट व्हायची, आणि झाकण तर तिच्या हातांना उघडायचंच नाही. कविताने दोन-चार दिवस हे पाहिलं. मग ती माळ्यावर चढली, माझ्यातलं बी काढून घेतलं आणि मला उजेडात आणलं.

“साबण नको लावू गो,” रामीआजी अंथरुणातून म्हणाली. “ती पिते.”

कविताने भाताच्या पेंढ्याने आणि नुसत्या पाण्याने मला घासलं, पुन्हा एकदा तांदळाचं पाणी उकळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने माझ्यात पेज शिजवली आणि जाताना मला विस्तवाच्या कडेला सरकवून ठेवलं. रामीआजीचं अंथरूण चुलीच्या उबेला होतंच. पेज वाढायचा डवला आणि वाटी तिच्या हाताशी. दुपारपर्यंत पेज कोमट राहिली. इतक्या वर्षांनी माझ्या पोटात पुन्हा तांदूळ रटरटला होता. मी किती सुखावले हे तुम्हाला कसं सांगू!

पण ते सुख दुपारपर्यंतच टिकलं.

ऊन वर आल्यावर शेजारची पुष्पा डोकावली. “रामीकाकी, कसा हाय आता?”

“बरी हाय. पेज घे.”

“नको काकी, तुमच्यासाठी ठेवलेली हाय.”

“घे म्हणते ना. माझ्या घरातून कोण तसाच गेलाय कधी?”

आजारी माणसाने स्वतः पुढे केलेलं अन्न नाकारणं आमच्या पाड्यावर बरं मानत नाहीत. पुष्पाने वाटीभर घेतली. मग पाण्याला निघालेल्या बायका आल्या. त्यांनीही वाटी वाटी घेतली. शेवटी काठी टेकत फागूबाबा आला. कुणीच हावरटपणा केला नाही, फागूबाबा सोडून. त्याने दोन वाट्या घेतल्या आणि जाताना सांगितलं, “मीठ कमी हाय.”

कविता घरी आली तेव्हा माझ्या तळाशी चार शितं चिकटलेली होती. ती गुडघ्यांवर बसून आत पाहतच राहिली.

“आई! सगळी संपवलीत?”

“मीठ जरा कमी होता,” रामीआजी म्हणाली.

मित्रांनो, ते वाक्य फागूबाबाचं होतं. रामीआजीने पेजेला तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कविताने मीठ वाढवलं आणि तांदूळही वाढवला. तिसऱ्या दिवशी लसूण घातला. रामीआजी दुपारी सांगायची, “लसूण चांगला लागला.” ते पुष्पाने म्हटलेलं असायचं. “आज दाट होती, पोट भरला.” ते पाण्याच्या बायकांचं. कविता आनंदाने घरभर वावरायची. संध्याकाळी रूपेशला म्हणायची, “मडकी पुसून घेतात तुमची आई!” संध्याकाळच्या जेवणाला रामीआजी “सकाळची पेज जड झाली” म्हणून अर्धा घास घ्यायची आणि वळून झोपायची, आणि त्या दोघांना ते खरं वाटायचं.

मला सगळं दिसत होतं. माझ्यातून निघालेला प्रत्येक डवला कुणाच्या वाटीत गेला हे मला माहीत होतं. भांड्याची जात अशी, की त्याला सगळं कळतं आणि काही सांगता येत नाही. एकदा तर मला वाटलं, तडकावं. निदान पेज विस्तवात सांडेल आणि कुणी तरी विचारेल, काय झालं म्हणून. पण तडकणंसुद्धा माझ्या हातात नव्हतं.

दीप्ती सिस्टर पुन्हा आल्या. काटा आधीपेक्षा खाली थांबला. त्यांनी काटा उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा पाहिलं.

“कविता, खरं सांग. आजी खातात का?”

“देवाशपथ सिस्टर, रोज मडकी रिकामी असते! मी स्वतः बघते.”

“मग अंगाला का लागत नाही? आतून दुसरं काही असेल तर मला इथे कळणार नाही.” त्यांनी आवाज खाली आणला, पण घर लहान आहे, रामीआजीने ऐकलंच. “पुढच्या आठवड्यात येते. तेव्हाही घटलं असेल तर न्यायलाच हवं.”

सिस्टर गेल्या. रूपेश उठला आणि त्या दिवसासाठी जीप सांगून ठेवायला बाहेर पडला. कविता दारात उभी राहिली. सिस्टरांना पाहून शेजारचे आलेच होते. पुष्पा तिच्याजवळ येऊन टेकली, फागूबाबा ओट्यावर बसला.

“धीर सोडू नको गो,” पुष्पा म्हणाली. “तू काय कमी करतेस? काल तर काय दाट पेज केलेलीस! मी एकच वाटी घेतली, पण दुपारपर्यंत भूक नाय लागली.”

कविता वळली. “तू घेतलीस?”

“रोज घेते. काकी सोडतेच कुठं?”

ओट्यावरून फागूबाबाचा आवाज आला. “आज मीठ जास्त झाला पण.”

कविताचा हात चौकटीवर तसाच राहिला. आज मीठ जास्त झालं, हे वाक्य तिने तासाभरापूर्वी सासूच्या तोंडून ऐकलं होतं. अगदी तेच.

“बाबा, तुम्हाला काय माहीत मीठ जास्त झालं ते?”

“खाल्ली म्हणून माहीत! मी रामीला तेव्हाच बोललू, सुनेला सांग.”

“किती दिवस खाताय?”

फागूबाबाने पुष्पाकडे पाहिलं. पुष्पाने त्याच्याकडे पाहिलं.

“माला वाटला, मी एकटाच घेतो,” तो हळू म्हणाला.

“माला वाटला, मीच,” पुष्पा म्हणाली. “आणि त्या पाण्याच्या बाया...” तिने तोंडावर हात ठेवला.

कविता आत आली आणि अंथरुणाजवळ बसली. रामीआजीने भिंतीकडे तोंड केलं होतं.

“आई, इकडे बघा. तुम्ही काय खाल्लंत?”

उत्तर भिंतीकडूनच आलं. “तोंड कडू हाय. औषधाचा कडू. घास फिरतो नुसता, खाली जात नाय.”

“मग मला सांगायचं ना!”

“तू अंधाराची उठतेस. माझ्यासाठी चूल पेटवतेस. माझ्याच्यान गिळवत नाय, हे कसा सांगू? तू रडली असतीस.”

“आणि आता काय करतेय मी?”

रामीआजी वळली. कविताच्या गालावरून खरोखरच पाणी वाहत होतं. तिने आपला हडकुळा हात पुढे केला आणि पदरानेच ते पुसलं.

“येणाऱ्याला काय उपाशी घालवायचा?” ती पुटपुटली. “तेवढा तरी माझ्या हातून होत होता.”

कविताने नाक पुसलं आणि सरळ विचारलं, “तोंडाला काय बरं वाटेल?”

रामीआजीने डोळे मिटले. जणू आठवून पाहत होती. “आंबट,” ती म्हणाली.

पुष्पा उठून धावलीच. तिच्याकडे वाळवलेली अंबाडीची बोंडं होती. कविताने चूल फुंकली, मला वर ठेवलं. अख्ख्या तांदळाला वेळ लागला असता, म्हणून तिने कण्या घेतल्या. कणी फुटून पाणी पांढरं झालं, तेव्हा अंबाडी चुरून टाकली, एक लसणाची पाकळी ठेचून घातली, मीठ चिमटीने. पेज तांबूस झाली आणि घरात आंबट वास पसरला. आंबटाचा गुण असा, की नुसत्या वासानेही तोंडाला पाणी सुटतं, आणि तोंड ओलं झालं की कडवटपणा धुतला जातो. आजारातून उठलेल्याला आधी याचीच गरज असते.

कविताने पातळ पातळ वरचं पाणी वाटीत घेतलं, फुंकून निववलं आणि रामीआजीच्या ओठांशी धरलं. पुष्पा उभी. फागूबाबा दारातून मान आत घालून. मी चुलीवर, श्वास रोखून, म्हणजे मडकीला जेवढा रोखता येतो तेवढा.

एक घोट तोंडात गेला. तिथेच थांबला. मग गळ्याची शीर हलली.

“आंबट हाय,” रामीआजी म्हणाली, आणि वाटीकडे स्वतःच हात नेला.

कविताने तोंड चुलीकडे फिरवलं. धूर डोळ्यांत गेला म्हणाली. लाकडं चांगली वाळलेली होती, धूर अजिबात नव्हता. मी त्यांच्यावरच बसले होते, मला माहीत आहे.

त्या दिवशी रामीआजीने पाव वाटीच घेतली. पण ती तिच्या पोटात गेली, हे तीन माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. जीप सांगून परतलेल्या रूपेशला पुष्पाने दारातच सगळं सांगून टाकलं. त्याला आधी राग आला, मग आईच्या ओठांवरचा तांबूस डाग दिसला आणि तो तिच्याजवळ जाऊन बसला.

आता पुढे काय करायचं? माणसांना येऊ नका म्हणून सांगायचं, असं रूपेशच्या मनात होतं. कविताने मान हलवली. कुणी आलं नाही तर आई अन्नाकडे बघणारसुद्धा नाहीत, असं ती म्हणाली. मग तिने ठरवलं, आणि पाड्यावर सगळ्यांना कळवलं: जो येईल त्याला पेज मिळेल, पण आधी त्याच्यासमोर आईने दोन घोट घेतले पाहिजेत. तोवर कुणी वाटी उचलायची नाही.

हा नियम फागूबाबाने जितका कडक पाळला, तितका कुणी पाळला नसेल. तो वाटी पुढ्यात ठेवून बसायचा आणि रामीआजीवर डोळे वटारायचा.

“पी लवकर. माझी निवते.”

“निवू दे. तुला कोणी बोलावलाय?”

“तूच बोलावतेस सगळ्यांना! पी.”

ती प्यायची. पुष्पा यायची, दोन घोट. पाण्याच्या बायका यायच्या, चार घोट, कारण त्या गप्पा रंगवायच्या आणि रामीआजीला मधेच बोलायचं असायचं, म्हणून ती भराभर गिळायची. आंबट पेजेवरून ती उडदाच्या पातळ कढणावर आली. मग कढणात थोडा मऊ भात कुस्करून. एकटी असताना जे अन्न तिच्या घशाखाली उतरत नव्हतं, ते माणसं जवळ बसल्यावर उतरत होतं. पोटाच्या आत नेमकं काय घडतं हे मला ठाऊक नाही. मी जे पाहिलं तेच सांगते आहे.

दीप्ती सिस्टर आल्या त्या सकाळी घर माणसांनी भरलं होतं. कविता त्या दिवशी वाडीत गेलीच नाही. सांगून ठेवलेली जीप रस्त्यावर उभी होती. रामीआजी रूपेशचा हात धरून काट्यावर चढली. सिस्टर वाकल्या. काटा डुलला, थांबला.

“चढलंय,” त्या म्हणाल्या. “थोडंच आहे, पण चढलंय. नाशिक राहू दे.”

पुष्पाने कविताच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली, की ती पुढे झुकली. रूपेश जीपवाल्याला सांगायला निघाला तो चपला न घालताच, अर्ध्या वाटेवरूनच ओरडत, “जा रे बाबा, जा! नाय जायाचा!” रामीआजी काट्यावरून उतरली आणि सिस्टरांना म्हणाली, “आता बसा. पेज घेतल्याशिवाय जायाचा नाय.” सिस्टरांनी नियम आधीच ऐकला होता. त्या म्हणाल्या, “आधी तुमचे दोन घोट, आजी.”

मित्रांनो, मातीच्या भांड्याला कसं जपावं हे तुमच्या घरची मोठी माणसं सांगतील. तापलेलं असताना गार पाणी ओतू नका, साबण लावू नका, उतरवताना दोन्ही हात लावा, एवढं केलंत तरी आम्ही खूप वर्षं टिकतो. पण मला तुमच्याकडे मागायचं आहे ते वेगळं. घरात कुणी आजारी असेल, म्हातारं असेल, तर वाटी भरून ठेवून निघून जाऊ नका. रिकामी वाटी पाहून निश्चिंतही होऊ नका. वाटी रिकामी झाली एवढंच त्यातून कळतं. शेजारी टेका, थोडं बोला, घास आत गेलेला स्वतः पाहा आणि मगच उठा.

आज सकाळी फागूबाबाला यायला उशीर झाला. त्याने सवयीने वाटी पुढ्यात ठेवली, डवला माझ्यात घातला, आणि तो नुसताच तळाला खरवडला. त्याने वाकून आत पाहिलं. मग पुष्पाकडे पाहिलं, पाण्याच्या बायकांकडे पाहिलं.

“कोणी संपवली?”

“मी,” रामीआजी म्हणाली. “तू उशीर केलास.”